कातळावर परतताना : प्रस्तरारोहणाचे बूट आणि खंडानंतरचा सराव

कडा चढणाऱ्या माणसाकडे पाहताना नजर प्रथम त्याच्या हातांकडे जाते. अरुंद खाचेत रोवलेली बोटे, ताणलेले दंड आणि खांदे हेच प्रस्तरारोहणाचे सर्वपरिचित चित्र आहे. प्रत्यक्षात उभ्या किंवा किंचित कललेल्या कातळावर अनुभवी आरोहकाच्या शरीराचा बहुतांश भार पायांवर असतो. हातांचे काम मुख्यतः तोल राखण्याचे आणि शरीर कातळालगत ठेवण्याचे असते. पाय आणि कातळ यांच्यामध्ये असतो तो साधारण चार मिलिमीटर जाडीचा रबराचा थर. या खेळासाठी खास बूट तयार होऊ लागले ते या थरासाठीच.

शिक्षण, नोकरी, बाळंतपण, आजारपण, दुखापत किंवा स्थलांतर अशा कारणांनी अनेकांचा हा खेळ मध्येच सुटतो. काही वर्षांनी पुन्हा कातळाची ओढ लागते, माळ्यावरचे जुने बूट खाली काढले जातात आणि पूर्वी सहज साधलेल्या चढाईवर पहिल्याच दिवशी हात घातला जातो. परतणाऱ्यांच्या दुखापतींचे मूळ बऱ्याचदा या घाईत असते. खंडानंतर शरीराचे सारे भाग सारख्या वेगाने पूर्वपदावर येत नाहीत. स्नायू लवकर सावरतात, बोटांतील कंडरा मात्र मागे राहतात. या मधल्या काळात बोटांवरील भार शक्य तितका पायांवर नेणे हा पुनरागमनाचा सर्वांत सुरक्षित मार्ग असून, योग्य बूट हे त्याचे मुख्य साधन आहे.

खिळ्यांच्या बुटांपासून चिकट रबरापर्यंत

विसाव्या शतकाच्या प्रारंभी आल्प्समधील गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट वापरत. अवघड कातळ आला की ते उतरवून नमद्याच्या किंवा दोरीच्या तळाचे हलके जोडे चढवत. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समधील पुंता रासिका शिखरावर प्रतिकूल हवामानात सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. अपुरी पादत्राणे हे त्यामागचे एक कारण मानले गेले. या घटनेने व्यथित झालेल्या व्हिताले ब्रामानी यांनी कातळ आणि बर्फ अशा दोन्ही ठिकाणी चालेल असा खाचांचा रबरी सोल विकसित केला. १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. त्यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून बनलेले ‘व्हिब्रम’ हे नाव आजही बुटांच्या तळावर दिसते.

निव्वळ प्रस्तरारोहणासाठी गुळगुळीत सोलचा बूट घडला तो फ्रान्समध्ये. पॅरिसच्या दक्षिणेला फोंतेनब्लो येथील अरण्यात वालुकाश्माचे असंख्य धोंडे विखुरलेले आहेत. तेथे सराव करणारे पिएर आलाँ यांनी १९३० च्या दशकात पायाला घट्ट बसणारा, सपाट रबरी तळाचा बूट तयार करण्याचे प्रयोग केले. याच आलाँ यांनी १९३५ मध्ये प्ती द्रू शिखराची उत्तर भिंत सर केली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे बूट ‘पी. ए.’ या आद्याक्षरांनी युरोपभर पोहोचले. पुढे ‘ई. बी.’ या नावाच्या फ्रेंच बुटांनी त्यांची जागा घेतली.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी स्पेनमधील बोरिआल कंपनीचा ‘फिरे’ हा बूट आला आणि खेळाचे गणित बदलले. त्याचे रबर आधीच्या कोणत्याही बुटापेक्षा चिकट होते. पूर्वी पाय घसरत असे अशा तिरक्या, गुळगुळीत कातळावर तो ठरू लागला. १९८५ मध्ये अमेरिकन आरोहक चार्ल्स कोल यांनी ‘फाइव्ह टेन’ ही कंपनी स्थापन केली. तिचे ‘स्टेल्थ’ रबर अल्पावधीत नावारूपाला आले. २०११ मध्ये आदिदासने ही कंपनी विकत घेतली. १९२८ मध्ये स्थापन झालेली ‘ला स्पोर्तिवा’ आणि तिच्यापाठोपाठ आलेली ‘स्कार्पा’ या इटालियन कंपन्या आजच्या बाजारातील प्रमुख नावे आहेत.

सह्याद्रीतील जुन्या पिढीला ही चैन बराच काळ उपलब्ध नव्हती. कॅनव्हासचे ‘हंटर’ बूट घालून किंवा अनवाणी पायांनीच अनेक सुळके चढले गेले. पायाचे तंत्र पक्के असले की साध्या बुटांनीही किती मजल मारता येते, याची ही साक्ष आहे. मात्र ज्यांचे तंत्र खंडामुळे बोथट झाले आहे त्यांनी त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

रबर कातळाला कसे धरते

साध्या चपलेचे रबर आणि आरोहणाच्या बुटाचे रबर यांत मोठा फरक असतो. आरोहणाचे रबर मऊ आणि किंचित चिकट असते. भार पडला की ते कातळाच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरते आणि भार काढल्यावर सावकाश पूर्ववत होते. त्यामुळे चवड्याचा अधिकाधिक भाग कातळावर टेकवला आणि त्यावर पुरेसे वजन दिले तर पकड वाढते. घाबरून कातळाला पोटाशी बिलगले की वजन हातांकडे जाते, टाच वर उचलली जाते आणि तळ व कातळ यांचा संपर्क कमी होतो. नवख्यांचे आणि दीर्घकाळानंतर परतलेल्यांचे पाय घसरतात ते बहुधा यामुळे.

पाय ठेवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत बारीक धारेवर अंगठ्याजवळची कड टेकवून उभे राहिले जाते. यासाठी थोडा कडक सोल उपयोगी पडतो, कारण तो पावलाला आधार देतो आणि धारेवर दुमडत नाही. दुसऱ्या रीतीत धार नसलेल्या तिरप्या कातळावर चवडा पसरून केवळ घर्षणावर उभे राहिले जाते. तेथे मऊ, लवचिक सोल सरस ठरतो. तापमानाचाही परिणाम होतो. कडक उन्हात तापलेल्या कातळावर रबर अधिक मऊ पडते, हातांना घाम सुटतो आणि दोन्हीकडची पकड ढिली होते. दख्खनच्या पठारावरील आरोहक नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि त्यातही सकाळ-संध्याकाळ निवडतात, ती यासाठीच.

बुटांचे प्रकार

चांभार ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पावलावर बूट बेततो त्याला फर्मा म्हणतात. या फर्म्याच्या आकारावरून आरोहणाच्या बुटांचे तीन ढोबळ प्रकार पडतात.

पहिला प्रकार सपाट बुटांचा. यात पाऊल जवळजवळ नैसर्गिक स्थितीत राहते आणि बोटे फारशी मुडपली जात नाहीत. दिवसभराच्या चढाईसाठी, लांबलचक कड्यांसाठी आणि नवशिक्यांसाठी हे बूट सोयीचे असतात. दुसऱ्या प्रकारात चवड्याचा भाग किंचित खाली वळलेला असतो. उभ्या भिंतीवर बारीक धारांवर उभे राहण्यास तो मदत करतो. तिसऱ्या प्रकारातील बूट पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले असून त्यांचे टोक अंगठ्याकडे झुकलेले असते. टाचेभोवतीची ताणलेली रबरी पट्टी पावलाला पुढे ढकलते आणि सारी ताकद अंगठ्याच्या टोकाशी एकवटते. छतासारख्या पुढे झुकलेल्या कातळावर पायाने आकड्यासारखे ओढून धरण्यासाठी हा घाट आहे. तिरक्या सपाट कातळावर तोच बूट अडचणीचा ठरतो.

बांधणीचेही तीन प्रकार आहेत. नाडीचा बूट पावलाच्या आकारानुसार हवा तसा आवळता येतो. चिकटपट्टीचा बूट चटकन काढता-घालता येतो, म्हणून धोंड्यांवरील आणि कृत्रिम भिंतीवरील सरावात तो सोयीचा ठरतो. नुसता सरकवून घालायचा बूट सर्वांत मऊ असतो, पण त्यासाठी पावलाचे स्नायू सशक्त हवेत.

खंडानंतर परतणाऱ्यासाठी सपाट किंवा दुसऱ्या प्रकारातला, नाडीचा अथवा चिकटपट्टीचा बूट योग्य. पूर्वी चोचीचे बूट वापरणाऱ्याला ही एक पायरी खाली उतरल्यासारखी वाटू शकते. तथापि सुरुवातीचे काही आठवडे सराव सोप्या, उभ्या किंवा तिरक्या कातळावर व्हायचा असतो आणि त्या ठिकाणी सपाट बूटच अधिक काम देतो. शिवाय दुखणाऱ्या बुटात आरोहक पायावर पूर्ण वजन टाकायला कचरतो. न टाकलेले ते वजन अखेर बोटांवर जाऊन पडते.

माळ्यावरच्या जुन्या बुटांची तपासणी

काही वर्षे पडून राहिलेले बूट वरवर चांगले दिसले तरी थेट कातळावर नेऊ नयेत. प्रथम अंगठ्याखालची सोलची कड पाहावी. तेथील धार गोल झाली असेल तर बारीक खाचेवर पाय टिकणार नाही. सोलच्या वर बुटाभोवती फिरणारी पातळ रबरी पट्टी असते. सोल झिजून ही पट्टी उघडी पडू लागली असेल तर सोल बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे. पट्टीलाच भोक पडल्यास दुरुस्ती अवघड आणि खर्चिक होते.

त्यानंतर सोल आणि बूट यांच्या जोडावर नख फिरवून पाहावे. दमटपणा आणि उष्णता यांमुळे डिंक सुटतो आणि सोल कडेने उलगडू लागतो. असा बूट चढाईच्या मध्यावर दगा देऊ शकतो. रबराचा वरचा थर हवेमुळे कालांतराने कडक आणि चकचकीत होतो. ओल्या ब्रशने घासून किंवा दोन्ही सोल एकमेकांवर चोळून आतला ताजा थर उघडा करता येतो. एवढे करूनही रबर टणकच लागले किंवा वाकवल्यावर त्यावर भेगा दिसल्या तर ते बूट निवृत्त करावेत. सोल बदलायचा असेल तर आरोहणासाठी बनवलेलेच रबर वापरणाऱ्या कारागिराकडे जावे. नेहमीच्या बुटांसाठी वापरले जाणारे रबर कातळावर उपयोगाचे नाही.

शेवटची तपासणी पावलाची. वय आणि वजन वाढले की पावलाची कमान थोडी बसते आणि पाऊल लांब-रुंद होऊ शकते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांच्या पावलांची लांबी कायमची वाढते. पाच वर्षांपूर्वी नेमका बसणारा बूट आज पायाला चावत असेल तर दोष सवयीचा असेलच असे नाही. ‘घालून घालून सैल होईल’ या आशेवर तो ओढून घालणे शहाणपणाचे ठरत नाही.

नवा बूट निवडताना

बूट दुपारनंतर घालून पाहावा, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित सुजते. सर्व बोटे पुढच्या टोकाला टेकलेली आणि अगदी किंचित वाकलेली असावीत. टाचेत पोकळी नसावी. पोकळी असेल तर टाच अडकवून चढताना बूट निघून येतो. बारीक धारेवर उभे राहिल्यावर दाब जाणवावा, पण कळ येऊ नये. बोटांच्या सांध्यांवर तीव्र वेदना झाल्यास किंवा पाऊल बधिर होऊ लागल्यास तो बूट लहान आहे.

अस्तर नसलेले चामड्याचे बूट वापराने बऱ्यापैकी सैल होतात, कृत्रिम कापडाचे फारसे होत नाहीत. त्यामुळे दोन्हींचे माप एकाच हिशेबाने घेऊ नये. प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा असल्याने एका कंपनीचा चाळीस क्रमांक दुसऱ्या कंपनीत तसाच बसेल याचीही खात्री नसते. ऑनलाइन मागवायचे झाल्यास परत करण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे. शंका असेल तर पहिले काही आठवडे कृत्रिम भिंतीच्या केंद्रावर भाड्याने मिळणारे बूट वापरावेत. हाताशी थोडा सराव आला की आपल्याला कोणत्या प्रकारचा बूट हवा, हे अधिक नेमके कळते.

अतिशय घट्ट बूट म्हणजे अधिक चांगली चढाई, हा समज जुना आहे. वर्षानुवर्षे अशा बुटांत पाय कोंबल्याने अंगठ्याचा सांधा बाहेर वळणे, नखे काळी पडणे, बोटांवर घट्टे येणे असे त्रास आरोहकांमध्ये आढळतात. मुलांच्या बाबतीत तर पाऊल वाढीच्या अवस्थेत असताना घट्ट बूट कटाक्षाने टाळावेत.

बोटे उशिरा का सावरतात

बोटे वळवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तेथून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. बोट वाकले तरी कंडरा हाडापासून सुटू नये म्हणून तिला जागोजागी तंतुमय कड्यांनी बांधून ठेवलेले असते. विहिरीच्या दोरासाठी कप्पी असते, तसे या कड्यांचे काम असल्याने त्यांना कप्प्या म्हटले जाते. प्रत्येक बोटात अशा पाच प्रमुख कप्प्या असतात. त्यांपैकी बोटाच्या मुळाकडील पेरात असलेली दुसरी कप्पी आरोहकांमध्ये सर्वाधिक दुखावते, विशेषतः अनामिका आणि मधल्या बोटात.

हे घडते ते प्रामुख्याने बोटे मुडपून, वरून अंगठा दाबून धरलेल्या पकडीत. या पकडीत बोटाचा मधला सांधा काटकोनापर्यंत वळतो आणि कंडरा कप्पीला जोराने बाहेर ओढते. बोटे बरीचशी सरळ ठेवून धरलेल्या उघड्या पकडीत हा ताण पुष्कळ कमी असतो. पाय अवचित घसरला आणि सारे वजन क्षणार्धात अशा मुडपलेल्या बोटांवर आले की कप्पी फाटण्याचा धोका सर्वाधिक असतो. बुटांचा आणि बोटांच्या आरोग्याचा थेट संबंध येथे आहे.

स्नायूंना रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. पूर्वी कमावलेली ताकद त्यांना नव्याने कमवण्यापेक्षा लवकर परत मिळते. कंडरा आणि कप्प्या यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने द्यावे लागतात. परतलेल्या आरोहकाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ‘अंगात जोर आला’ असे वाटू लागते. खरे पाहता तो जोर स्नायूंचा असतो आणि कप्प्या अजून त्यासाठी तयार नसतात. हाच सर्वांत जोखमीचा टप्पा मानला पाहिजे. तळहाताच्या त्वचेचेही तसेच आहे. खंडात घट्टे नाहीसे होतात आणि त्वचा पुन्हा राठ होण्यास काही आठवडे जातात.

चढताना बोटात ‘टक्’ असा आवाज झाला, बोटाच्या मुळाशी तळव्याकडच्या बाजूला वेदना किंवा सूज आली तर चढाई तात्काळ थांबवावी. ‘चोळून बरे होईल’ म्हणून पुढे चढत राहू नये. हाताच्या विकारांचे ज्ञान असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. सोनोग्राफीने दुखापतीचे स्वरूप कळू शकते आणि बहुतेक दुखापती शस्त्रक्रियेवाचून, विश्रांती, आधारपट्टी आणि टप्प्याटप्प्याच्या व्यायामाने बऱ्या होतात.

पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा

प्रत्येकाचे वय, वजन आणि खंडाचा कालावधी वेगळा असल्याने सर्वांना लागू पडेल असे वेळापत्रक देता येत नाही. तरीही पुढील क्रम बहुतेकांना उपयोगी पडेल.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदाच चढावे आणि दोन दिवसांच्या मध्ये किमान दोन दिवस विश्रांती ठेवावी. पूर्वीच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ सोप्या, मोठ्या पकडींच्या आणि तिरक्या किंवा उभ्या चढाया निवडाव्यात. पकड शक्यतो उघडी ठेवावी. हात पूर्ण थकण्याआधीच थांबावे. पुढे झुकलेल्या भिंती, उड्या आणि एका बोटाच्या पकडी या काळात वर्ज्य समजाव्यात.

दुसऱ्या महिन्यात चढायांची संख्या वाढवावी, काठिण्य हळूहळू वाढवावे. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नये. बोटांचे सांधे सकाळी ताठर वाटत असतील तर त्या आठवड्यात भार कमी करावा. तिसऱ्या महिन्यात मुडपलेली पकड थोड्या प्रमाणात आणि शरीर तापलेले असताना वापरायला हरकत नाही. बोटांच्या ताकदीसाठी लाकडी फळीला लटकण्याचे व्यायाम त्यानंतरच आणि पाय जमिनीवर टेकवून, भार हलका करत सुरू करावेत. अल्पवयीन आरोहकांच्या बोटांतील हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, त्यांनी हे व्यायाम प्रशिक्षकाच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

या काळात पायांसाठी तीन साधे सराव करता येतात. पहिला, पाय आवाज न करता ठेवणे. आवाज आला म्हणजे पाऊल नेमके पडले नाही. दुसरा, पाय टेकेपर्यंत नजर त्या जागेवरून न हलवणे. बहुतेक जण शेवटच्या क्षणी वर पाहू लागतात आणि पाय अंदाजाने पडतो. तिसरा, एकदा ठेवलेला पाय पुन्हा न सरकवणे. सोप्या चढाईवर हे तीन नियम पाळत दहा-बारा फेऱ्या केल्या तर बूट आणि पाऊल यांची ओळख पुन्हा जुळते आणि हातांची दमणूक आपोआप कमी होते.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी पायांची विशेष काळजी घ्यावी. संवेदना कमी झाली असेल तर घट्ट बुटाने झालेली जखम लक्षातही येत नाही.

दोर, पट्टे आणि सोबती

बुटांबरोबर बाकीचे जुने सामानही बाहेर निघते. बूट घसरला तर चढाई हुकते, दोर तुटला तर जीव जातो, हा फरक विसरू नये. नायलॉनचे दोर, हार्नेस आणि पट्टे न वापरताही जुने होतात. अनेक उत्पादक उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षे ही कमाल मर्यादा सांगतात आणि वापर असेल तर ती बरीच आधी संपते. गाडीच्या बॅटरीजवळ ठेवलेला दोर तर मुळीच वापरू नये. आम्लाच्या वाफेने झालेली हानी डोळ्यांना दिसत नाही. कशाचाही इतिहास ठाऊक नसेल तर ते साधन बाद करणे उत्तम.

गाठ बांधणे आणि सोबत्याचा दोर सांभाळणे ही कौशल्येही खंडात पुसट होतात. पहिल्या दिवशी जमिनीवरच जाणकाराच्या देखरेखीखाली त्यांची उजळणी करावी. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचे बक्कल आणि कॅराबिनरचे कुलूप तपासण्याची सवय अनुभवी आरोहकही सोडत नाहीत. दोराशिवाय कमी उंचीच्या धोंड्यांवर चढताना प्रत्येक पडणे थेट जमिनीवरचे असते. तेथे जाड गादी, खाली उभा असलेला सोबती आणि उतरण्याची वाट आधी पाहून ठेवणे या तीन गोष्टी अनिवार्य आहेत.

दमट हवेतील निगा

गोवा आणि कोकणच्या हवेत बुटांचा मोठा शत्रू ओलावा आहे. घामाने ओले झालेले बूट पिशवीत तसेच कोंबले तर पावसाळ्यात चार दिवसांत चामड्यावर बुरशी चढते. चढाई संपताच बूट काढून, नाड्या सैल करून सावलीत वाऱ्यावर ठेवावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले की ओल लवकर शोषली जाते. उन्हात, शेगडीजवळ किंवा बंद गाडीत ठेवू नयेत. उष्णतेने डिंक सुटतो आणि बुटाचा आकार बिघडतो. सोल पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावेत. कपड्यांच्या यंत्रात बूट टाकू नयेत. लांब काळ ठेवायचे असल्यास पूर्ण सुकवून, कोरड्या जागी आणि अधूनमधून बाहेर काढून ठेवावेत. दोन चढायांच्या मधल्या वेळेत बूट घालून हिंडू नये. मातीचे बारीक कण रबरात बसले की पकड कमी होते.

कोठे परतावे

गोव्याचा जांभा मऊ आणि सच्छिद्र असल्याने प्रस्तरारोहणास फारसा अनुकूल नाही. सुदैवाने घाटापलीकडे भारतातील दोन नामांकित क्षेत्रे आहेत. बागलकोट जिल्ह्यातील बदामीचा तांबडा वालुकाश्म आडव्या थरांचा असून त्याच्या उभ्या भिंतींवर बोटांना आणि पायांना चांगल्या कडा मिळतात. तेथे थोडा कडक सोल उपयोगी पडतो. हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे याउलट घर्षणाची परीक्षा घेतात. तेथे मऊ सोल हवा आणि खरखरीत स्फटिकांमुळे बोटांच्या त्वचेची झीज लवकर होते. अमेरिकन आरोहक ख्रिस शर्मा यांचा सहभाग असलेल्या ‘पिल्ग्रिमेज’ या २००३ मधील चित्रपटाने हंपी जगभरच्या आरोहकांच्या नकाशावर आणले. वास्कोहून होसपेटला रेल्वेने जाता येते. हंपी हे जागतिक वारसा स्थळ आहे. मंदिरे, मंडप आणि संरक्षित वास्तूंवर चढणे कायद्याने आणि विवेकाने वर्ज्य आहे. धोंड्यांवर उमटलेली हातांच्या पांढऱ्या भुकटीची खूण परतताना ब्रशने पुसून टाकावी.

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट अनेक ठिकाणी ठिसूळ असतो. पकड निघून हातात येणे तेथे नवलाचे नाही. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण आणि सोबत माहीतगार संस्था असल्याशिवाय परतणाऱ्याने तेथून सुरुवात करू नये. बडोद्याच्या मराठी कुटुंबांतील अनेकांना माउंट अबूची गिर्यारोहण संस्था परिचित आहे. हैदराबादच्या परिसरात ग्रॅनाइटचे प्राचीन धोंडे शहरालाच वेढून आहेत.

आरंभासाठी सर्वांत सोयीची जागा मात्र कृत्रिम भिंत. तेथे खाली गादी असते, प्रशिक्षक असतो आणि हवी तेवढी सोपी चढाई निवडता येते. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. टोकियोत या खेळाला प्रथमच ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळाले. त्यानंतर मोठ्या शहरांत अशा भिंतींविषयीचे कुतूहल वाढले आहे. पुणे, मुंबई, बेंगळुरू येथे कामानिमित्त ये-जा करणाऱ्या गोमंतकीयांना महिन्यातून दोन-चार वेळा तेथे सराव करणे शक्य आहे. उरलेल्या दिवसांत चालणे, जिने चढणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि चवड्यांवर उभे राहणे हे व्यायाम घरीच करता येतात.

खंडानंतरचा पहिला हंगाम जुन्या विक्रमांची बरोबरी करण्यासाठी नसतो. त्या हंगामाच्या अखेरीस बोटे शाबूत असणे, पाय नेमके पडू लागणे आणि बूट चढाईचा दिवस सरेपर्यंत पायात सुखाने राहणे, एवढे साधले तरी पुढच्या हंगामाचा पाया पक्का झाला असे समजावे. काठिण्य त्यानंतर वाढवता येते, कातळ कोठे जात नाही.